सूक्ष्मजीव ‘अवकाशात जगले’ म्हणजे नेमकं काय? एक्स्पोज, तान्पोपो आणि मात्रेचा हिशेब

नीलातीत

‘अमुक जीवाणू अवकाश स्थानकाबाहेर ३ वर्षं जगला’ अशी बातमी आली की एक गट लगेच पृथ्वीवरचं जीवन बाहेरून आल्याचं सिद्ध करून मोकळा होतो, दुसरा ‘काहीतरीच’ म्हणून पुढे सरकतो. सूर्य आणि ती पेशी यांच्या मध्ये काय होतं, हे दोघंही विचारत नाहीत. काच होती का, कुठली होती, वर मेलेल्या पेशींचे थर किती होते, प्रत्यक्ष ऊन किती तास पडलं? हा धागा त्या हिशेबासाठी.

थोडी पार्श्वभूमी. असे प्रयोग १९६६ च्या जेमिनी मोहिमांपासून चालू आहेत. एलडीईएफ हा अमेरिकी उपग्रह एप्रिल १९८४ मध्ये सोडला आणि जानेवारी १९९० मध्ये शटलने परत आणला. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याची कवचातली सुप्त अवस्था) जवळपास ६ वर्षं त्यावर होते. युरोपीय अवकाश संस्थेची बायोपॅन ही झाकणाची गोल पेटी रशियन फोटॉन उपग्रहांवर दोन-दोन आठवड्यांसाठी उडायची. मग स्थानकाबाहेरची एक्स्पोज मालिका आली: कोलंबस विभागावर एक्स्पोज-ई (२००८-०९), झ्वेझ्दावर एक्स्पोज-आर (२००९-११) आणि आर-२ (२०१४-१६). जपानचा तान्पोपो हा प्रयोग २०१५ पासून किबो विभागाबाहेर.

यातला सगळ्यात फसवा आकडा म्हणजे दिवस. स्थानक साधारण ९२ मिनिटांत एक फेरी मारतं आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ सहसा पृथ्वीच्या सावलीत जातो. एक्स्पोजची तबकं सूर्याकडे वळत नाहीत, म्हणून ऊन तिरपं पडतं आणि कोनाच्या कोज्येने कमी होतं. शिवाय सौरपंख आणि शेजारच्या विभागांची सावली. म्हणून मोजायचं ते ‘सौर स्थिरांक तास’ या एककात, म्हणजे सूर्य लंबरूप असता तर तेवढीच ऊर्जा किती तासांत मिळाली असती. दीड वर्षाची मोहीम या मापात काही महिन्यांपुरतीच उरते.

नमुना कसा करायचा, इथून सुरुवात करू या. बीजाणूवाल्यांनी आधी लिहावं.

सुप्त बीजाणू

लिहितो. बॅसिलस सबटिलिसचा १६८ हा वाण धरून चाला, तुलनेला सगळ्यात जास्त जुनी आकडेवारी याचीच आहे.

शेफरच्या बीजाणू-माध्यमात ३७ अंशांवर जोरात हलवत वाढवायचं. ५ ते ७ दिवसांत बहुतेक पेशी बीजाणू होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून ऊर्ध्वपातित पाण्याने परत परत धुवायचं. लायसोझाइमने उरलेल्या पेशींच्या भिंती फोडायच्या, सुटलेलं डीएनए डीएनएजने कापायचं, पुन्हा धुणं. फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ९९ टक्क्यांहून जास्त चकचकीत बीजाणू दिसले पाहिजेत. काळपट दिसतो तो अंकुरायला लागलेला, तो निर्वातात पहिल्या दिवशीच जातो. शेवटी ८० अंशांवर १० मिनिटं.

धुण्यात कंटाळा केला तर पुढचं सगळं बिघडतं. माध्यमातली साखर आणि क्षार थेंबाबरोबर वाळतात आणि बीजाणूंचं रक्षण करतात. मग मोजमाप बीजाणूच्या चिवटपणाचं होत नाही, तुमच्या आळसाचं होतं.

आता संख्या, म्हणजे थेंब चकतीवर वाळवून किती बीजाणू बसवायचे. ७ मिलिमीटर व्यासाच्या क्वार्ट्झ चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ३.८५ कोटी चौरस मायक्रोमीटर. आडवा पडलेला बीजाणू साधारण १ चौरस मायक्रोमीटर जागा घेतो. म्हणजे ४ कोटी बीजाणू टाकले तर कागदावर तरी चकती एका थराने पूर्ण भरते. खरा एकेरी थर हवा असेल तर ५० लाखांच्या खालीच राहा. १० कोटी टाकले की सरासरी अडीच थर झाले.

सरासरी म्हणालो, कारण थेंब सरळ वाळत नाही. टेबलावर सांडलेल्या चहासारखी कडेला दाट रिंग बनते आणि तिथे पाच-सहा थर सहज साचतात. त्यावर उपाय: चकती आधी ऑक्सिजन प्लाझ्मात किंवा आम्लात धुऊन पाणी पसरेल अशी करा, थेंब २० मायक्रोलिटरपेक्षा मोठा नको, आणि वाळवणं सावकाश, समतल जागी, पंख्याशिवाय. प्रत्येक तुकडीतली एक चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ‘एकेरी थर’ हा शब्द लिहू नका.

शंकेखोर

थरांचा एवढा बाऊ कशाला? निसर्गात पेशी एकट्या थोड्याच फिरतात?

सुप्त बीजाणू

बाऊ आकड्यांमुळे. एलडीईएफवर दोन्ही प्रकार होते: नमुन्यामागे १० लाख, म्हणजे एकेरी थर, आणि १० कोटी, म्हणजे बहुथर. ऊन न लागलेल्या बहुथरांत ६ वर्षांनंतर ८० टक्क्यांपर्यंत बीजाणू जिवंत निघाले. ग्लुकोज किंवा बफरचे क्षार मिसळले तर आणखी आधार मिळाला. ऊन लागलेल्यांत संख्या किमान १० हजार पटींनी घसरली. तरीही अगदी उघड्या नमुन्यांतूनही १० हजारांपर्यंत जिवंत बीजाणू मिळाले. १० कोटींतून १० हजार उरले तर ते चिवट होते म्हणून, की रिंगेच्या तळाशी दडले होते म्हणून? जगण्याच्या आलेखाची रेष आधी झपकन खाली येते आणि मग आडवी होते, ती आडवी शेपटी बहुतेक वेळा सावलीची असते. थर माहीत नसेल तर हा फरक करता येत नाही.

निर्वात पंप

बीजाणूंना नेमकं मारतं काय, हेही इथे नोंदवू या, नाहीतर सगळं खापर ‘अवकाशा’वर फुटतं.

निर्वात एकटं फार मारत नाही. पाणी निघून जातं, डीएनए आणि प्रथिनांमध्ये बंध तयार होतात, काही धागे तुटतात. बीजाणूच्या गाभ्यात आधीच पाणी कमी असतं, डायपिकोलिनिक आम्ल आणि डीएनएला चिकटून बसलेली छोटी आम्लविद्राव्य प्रथिनं असतात, म्हणून तो तग धरतो.

आयनीकारक किरणांची गोष्ट आणखी साधी. एलडीईएफला ६ वर्षांत सुमारे ४.८ ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) मिळाले. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू ५ हजार ग्रे पचवून वाढतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत या घटकाने काही सिद्ध होत नाही. चुंबकीय कवचाबाहेर लांब गेल्याशिवाय तो प्रश्न हातात येत नाही.

उरलं अतिनील. यात खरी मेख २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आत-बाहेर आहे. डीएनए सगळ्यात जास्त शोषतं ते २६० च्या आसपास, आणि ओझोनचं छत्र नसल्याने तो पट्टा पूर्ण ताकदीने येतो. एकेरी थर मारायला सेकंद ते मिनिटं पुरतात. बीजाणूत सामान्य पेशीसारखे थायमिन या डीएनए-घटकाचे जोडगोळे फारसे होत नाहीत, ‘बीजाणू-प्रकाशोत्पाद’ नावाचा वेगळा बंध होतो, आणि अंकुरताना एक खास विकर तो उलटा फिरवून जागेवर दुरुस्त करतं. निर्वातात वाळलेल्या बीजाणूत या उत्पादांचं प्रमाण बदलतं, म्हणून निर्वात आणि अतिनील वेगवेगळे तपासून नुसती बेरीज करू नका. दोन्ही एकत्र जास्त मारतात.

बाहेरची खिडकी

खिडकीचं मी घेतो. एक्स्पोजच्या तबकांत नमुन्यांवर दोन प्रकारच्या काचा होत्या. मॅग्नेशियम फ्लोराइड साधारण ११० नॅनोमीटरपर्यंतचा (नॅमी) प्रकाश आत सोडतं, ते खुल्या अवकाशासाठी. मंगळाच्या पृष्ठभागाची नक्कल करायची तर २०० च्या वरचंच जाऊ देणारी क्वार्ट्झ, आणि आत कमी दाबाचा कार्बन डायऑक्साइड बंद केलेला. वर राखाडी गाळण्या लावून उन्हाची मात्रा टक्क्यावर किंवा त्याहून खाली आणता येते. मात्रा-परिणामाची रेष काढायची तर त्या हव्यातच, नाहीतर हातात ‘सगळे मेले’ एवढा एकच बिंदू येतो.

अंधाराचे नमुने कुठे ठेवता हे त्याहून महत्त्वाचं. जमिनीवरच्या कपाटात ठेवलेला नमुना अंधाराचं नियंत्रण नव्हे. एक्स्पोजमध्ये उन्हातल्या थराच्या बरोबर खाली दुसरा थर होता: तेच निर्वात, जवळपास तेच तापमान, तीच किरणं, फक्त ऊन नाही. त्याशिवाय कोलोनला जर्मन अवकाश केंद्रात समांतर संच कक्षेतून आलेल्या तापमानाच्या नोंदींप्रमाणे चालवला जायचा.

आणि आता एक्स्पोज-आरचा किस्सा, जो प्रत्येक नव्या गटाने पाठ करावा. नमुने परत आले तेव्हा अनेक खिडक्या तपकिरी झालेल्या. त्यांतून दृश्य प्रकाश, अतिनील आणि निर्वात-अतिनील (२०० नॅमीखालचं) तिन्ही कमी जात होते. तपासात निघालं की काचेच्या *आतल्या* बाजूला सेंद्रिय बहुलकाचा एकसारखा पापुद्रा बसला आहे. ज्या कप्प्यांत वायू बंद होता तिथे पापुद्रा नाही. ज्या खिडक्यांना ऊन लागलंच नाही तिथेही नाही. म्हणजे यंत्राच्याच पोटातून बाष्पं निघाली आणि उन्हाने ती काचेवर पक्की केली. नेमका उगम पूर्ण सापडला नाही, संशय चिकटवण्या, प्लास्टिक, सर्किट बोर्ड आणि खुद्द जैविक नमुन्यांवर गेला. पापुद्र्याची रासायनिक खूणही प्रत्येक तबकात वेगळी.

परिणाम समजून घ्या. मोहीम जितकी लांब तितकी काच काळी, म्हणजे मात्रा सुरुवातीला भरपूर आणि मग घसरत जाणारी. कधी किती घसरली हे मागाहून नीट काढता येत नाही. नमुना जगला म्हणून टाळ्या वाजवायच्या, की काचेने वाचवला म्हणून गप्प बसायचं?

ग्लायसिन

सेंद्रिय रेणूंच्या प्रयोगांत याचा फटका जास्त बसतो. पेशी पहिल्या काही मिनिटांतच मरतात, तोवर काच स्वच्छ असते. आमचे अमिनो आम्लांचे पापुद्रे महिनोन्‌महिने झिजतात, तेव्हा काचेची प्रत्येक टक्केवारी उत्तरात उतरते.

आमच्याकडची तयारी वेगळी. अमिनो आम्ल किंवा बहुचक्री हायड्रोकार्बन निर्वातात तापवून त्याची वाफ थेट काचेच्या आतल्या बाजूवर बसवतात, जाडी काही दहा ते काही शे नॅनोमीटर. जाड केला तर मागचा भाग पुढच्याच्या सावलीत, पातळ केला तर अवरक्त वर्णपटात काही दिसत नाही. काही नमुन्यांत उल्कापाषाणाची पूड मिसळतात. तिची सावली रेणूंना वाचवते.

नमुन्याची कुपी बंद ठेवायची की उघडी, हा वाद कायमचा. उघडी ठेवली तर मेथेन, कार्बन मोनॉक्साइडसारखी उत्पादनं उडून जातात आणि बाष्पीभवन कुठलं, विघटन कुठलं हे कळत नाही. बंद ठेवली तर ती उत्पादनं परत प्रकाश शोषतात, पण नंतर वायू-वर्णलेखनाने मोजता येतात. अंधारातल्या जुळ्या कुपीशिवाय दोन्ही निरुपयोगी. पापुद्रा तिथेही कमी झाला असेल तर तो उडाला, तुटला नाही.

आणि ‘हे सगळं जमिनीवर दिव्याखाली करा, स्वस्तात होईल’ म्हणणाऱ्यांसाठी: सूर्याच्या एकूण सुमारे १३६१ वॅट प्रति चौरस मीटरपैकी २०० नॅमीखाली जेमतेम ०.१ वॅट येतो. हा पट्टा खास महत्त्वाचा, कारण बरेच बंध तिथेच तुटतात. हायड्रोजनचा दिवा १२१.६ नॅमीची रेषा देतो, झेनॉनचा दिवा वरचा पट्टा देतो, पण दोघांचं सूर्यासारखं प्रमाण जुळवणं फार अवघड. दोन प्रयोगशाळांचे विघटन-वेग एकमेकांशी जुळत नाहीत ते बरेचदा यामुळे.

शंकेखोर

मग तान्पोपोचं काय? तिथे तर थेट ३ वर्षं, आणि मंगळापर्यंत पोचतील असंही लिहिलेलं.

नीलातीत

तान्पोपोने थर टाळले नाहीत, थरांनाच प्रश्न बनवलं, आणि म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. वाळवलेल्या डायनोकॉकसच्या गोळ्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवल्या आणि दरवर्षी एक फलक परत आणला. अतिनील लागलेल्यांत १०० मायक्रोमीटरवाल्या गेल्या, ५०० आणि त्याहून जाड गोळ्यांत ३ वर्षांनीही जिवंत पेशी होत्या. वरचे थर मरून खालच्यांना छत्री धरतात. त्यावरून १ मिलिमीटरची गोळी खुल्या अवकाशात ८ वर्षांपर्यंत तगेल असा अंदाज मांडला गेला.

निर्वात पंप

प्रयोग उत्तम, अंदाजाबद्दल मात्र हात आखडता. पहिलं, तीन वार्षिक बिंदूंवरून रेष पुढे ओढलेली. दुसरं, किबो पृथ्वीच्या चुंबकीय कवचात आहे. ग्रहांमधल्या प्रवासात जड आयन त्या गोळीच्या आरपार जातात, त्यांना मेलेल्या थरांची पर्वा नसते. तिसरं, अर्धा मिलिमीटर हे सूक्ष्मजीवांच्या मानाने प्रचंड ढेकूळ. ते ग्रहावरून उडून बाहेर कसं पडलं, हा वेगळा धागा.

सुप्त बीजाणू

+१. टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याचं उदाहरण याच कारणाने बघण्यासारखं. २००७ मध्ये फोटॉन-एम३ वर ते गेले. नुसतं निर्वात त्यांनी सहज झेललं, पण पूर्ण अतिनीलही लागलं तेव्हा अगदी मोजकेच वाचले. बातम्यांत पहिलं वाक्य आलं, दुसरं गळालं. शुभांशु शुक्लांच्या २०२५ च्या मोहिमेतले टार्डिग्रेड स्थानकाच्या *आत* होते, ते या चर्चेत मोजू नका.

लायकेनही (बुरशी आणि शैवालाची जोडी) बघा. झँथोरिया एलेगन्स आणि ऱ्हायझोकार्पन २००५ मध्ये बायोपॅनवर पूर्ण उन्हात होते आणि परतल्यावर त्यांचं प्रकाशसंश्लेषण दिवसभरात पूर्ववत झालं. तिथे सालीतली रंगद्रव्यं म्हणजे अंगभूत गाळणी. (अवांतर: मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण ते या जातींचं नाही. गोडा मसाला अवकाशात पाठवू नये.)

शंकेखोर

परत आल्यावर जिवंत-मृत ठरवता कसे?

सुप्त बीजाणू

चकतीवरून बीजाणू काढणं हीच पहिली चाळणी. नुसतं धुतलं तर बरेच चिकटून राहतात आणि ते मेले असं खोटं दिसतं. १० टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण, सुमारे ५०० मायक्रोलिटर, चकतीवर ओतून वाळू द्यायचं. पापुद्रा चिमट्याने सोलून निर्जंतुक पाण्यात विरघळवायचा. ९५ टक्क्यांहून जास्त बीजाणू सुटून येतात आणि अंकुरण्यावर परिणाम होत नाही. मग दहापटींनी पातळ करत जाऊन पोषक अगरवर, ३७ अंशांवर रात्रभर, आणि वसाहती मोजायच्या. अवकाशातून आलेल्यांच्या पेट्री डिश दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बघा. दुरुस्ती करत उठणारे उशिरा दिसतात.

ज्या बुरश्या आणि लायकेन वसाहतींत नीट मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी प्रोपिडियम मोनोअझाइड हे रसायन वापरतात. ते फुटक्या पेशीपटलातून आत शिरतं, प्रकाश दिला की डीएनएला चिकटतं, आणि मग तो डीएनए पीसीआरमध्ये वाढत नाही. अंटार्क्टिकाच्या खडकातल्या क्रायोमायसिस बुरशीसाठी हीच पद्धत वापरली. मर्यादा ध्यानात ठेवा: पटल शाबूत म्हणजे पेशी जिवंत असं नाही. अतिनीलने डीएनए उद्ध्वस्त झालेली पेशीही बाहेरून धडधाकट दिसते.

उत्तरधृव

भारतातून असं काही झालंय का? नारळीकरांचा फुगा आठवतो.

बाहेरची खिडकी

तो उलट्या दिशेचा प्रयोग. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगा ४१ किलोमीटरपर्यंत गेला, द्रव निऑनने गार ठेवलेल्या निर्जंतुक नळ्यांत वेगवेगळ्या उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-जीवशास्त्र संस्थांत तपासणी झाली. १२ जीवाणू आणि ६ बुरश्यांच्या वसाहती मिळाल्या, त्यांत जानिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभटा या नव्या जाती. त्यात काही उघडं ठेवलं नव्हतं, जे वर होतं ते आणलं.

उघडं ठेवायचं तर आज हाताशी पोएम आहे, म्हणजे पीएसएलव्हीचा कक्षेत राहिलेला शेवटचा टप्पा. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर चवळीचं बी अंकुरलं, पण ते बंद पेटीत. अडचण अशी की पोएम परत येत नाही. चकती सोलून मोजणं बाद, जे मोजायचं ते तिथेच.

ग्लायसिन

त्याचं उदाहरण आहेच: नासाचा ओरिओस हा छोटा उपग्रह, नोव्हेंबर २०१० मध्ये अलास्काहून सोडलेला, साडेपाच किलोचा, ६५० किलोमीटरवर. त्याचे दोन भाग होते. एकात ट्रिप्टोफॅन, पॉर्फिरिनसारख्या रेणूंचे पापुद्रे फिरत्या चकतीवर, सूर्यच दिवा, आणि मागे २०० ते १००० नॅमीचा वर्णपटमापक. सुरुवात आणि शेवट असे दोनच बिंदू न मिळता विघटनाची सबंध रेष मिळाली. दुसऱ्या भागात वाळवलेले बीजाणू बंद पेटीत. साधारण २ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी एकेका संचात पोषक द्रव सोडायचा, चयापचय सुरू झालं की रंगद्रव्याचा रंग बदलतो, तीन रंगांच्या एलईडींनी तो वाचायचा.

पोएमवर हे बसवायचं तर आधी रेणूंचा भाग करावा. जीवाणूंचा नको, कारण द्रव सोडायच्या झडपा आणि पेटीचं तापमान राखणं यात निम्मं वजन आणि वीज जाते.

निर्वात पंप

आणि पोएम-४ सारखी ३५० किलोमीटरची कक्षा असेल तर आणवी ऑक्सिजन (ऑक्सिजनचे सुटे अणू) विसरू नका. पुढच्या बाजूला उघडा ठेवलेला सेंद्रिय पापुद्रा तो खरवडून नेतो आणि तुम्ही ते उन्हाच्या नावावर खपवता. खिडकी लावाच, बाजू निवडायला मिळाली तर प्रवासाच्या दिशेची नको.

बाहेरची खिडकी

खिडकी लावली की तपकिरी पापुद्रा आलाच, म्हणून साहित्याची यादी आत्ताच करा. प्रत्येक चिकटवणी, वायरीचं आवरण, बोर्डावरचा लेप १२५ अंशांवर २४ तास निर्वातात तपासलेला हवा: एकूण वस्तुमान-घट १ टक्क्याच्या आत, थंड पट्टीवर साचणारं ०.१ टक्क्याच्या आत. जोडणी झाल्यावर नमुने बसवण्याआधी अख्खी पेटी भाजून घ्या, जैविक नमुना नंतर भाजता येत नाही. आणि एक कप्पा पूर्ण रिकामा ठेवा, उन्हात, खिडकीसकट. त्यातून येणारा प्रकाश कमी व्हायला लागला की काच किती काळी होतेय ते रोज कळेल.